युसुफभाईंनी बसवलेलं बटण

युसुफभाई, तुम्ही मला सात वर्षं फसवलं. माघारी बोलतो असं कुणी म्हणू नये म्हणून तुम्हालाच सांगतोय. तुम्ही असता तर तुमच्या गॅरेजच्या दारात उभं राहून, समोरच्या चहावाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं असतं. आता लिहावं लागतंय, आणि माझं अक्षर कसं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. फसवणूक मला मागच्या आठवड्यात कळली, तीही परक्या माणसाकडून, धुळ्यात.

मुलीकडे निघालो होतो. पारोळ्याच्या पुढे ऊन असं होतं की डांबर टायरला चिकटत होतं. सवयीनं डॅशबोर्डवरचं बटण दाबलं. लाल दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं, दोन-चारदा खटखट केलं, नाहीच. दिवा नाही म्हणजे इंजिनाचा पंखा नाही, आणि पंखा नाही म्हणजे पाणी उकळणार. थोडं चालवायचं, थांबायचं, गरमीच्या काट्यावर भरवसा नाही म्हणून बॉनेटला हात लावून बघायचं, असं करत धुळे गाठलं आणि आग्रा रोडवर पहिला वायरिंगवाला दिसला त्याच्याकडे गाडी घातली. तिशी-पस्तिशीचा माणूस. डॅशबोर्डखाली डोकं घालून दहा मिनिटं बसला आणि हसतच बाहेर आला.

"काका, हे बटण कुणी बसवलं?"

"का? काय खराबी आहे?"

"खराबी काही नाही, बसवलंय एकदम झकास. पण याची तार पंख्याकडे जातच नाही. बटण दाबलं की दिवा लागतो, बस. तो दिवा उडालाय."

"आणि पंखा?"

"पंखा त्याच्या मर्जीनं चालतो. खाली रेडिएटरला स्विच आहे. पाणी तापलं की तोच पंखा लावतो, निवलं की बंद करतो. तुमच्या बटणाचा आणि त्याचा काही संबंध नाही."

मी त्याच्यावर ओरडलो. म्हटलं, तुला काही कळत नाही, हे काम जळगावच्या युसुफभाईंचं आहे. त्यानं वाद घातला नाही. इंजिन चालू ठेवलं, मला बॉनेटपाशी उभं केलं आणि म्हणाला, "हात मागे बांधा आणि बघा." मी हात मागे बांधून उभा राहिलो. काही वेळानं कुणीही न सांगता पंखा घरघरला आणि माझ्या तोंडावर गरम वारा आला.

"ज्यानं केलंय ना काका, त्यानं तुम्हाला हातात खेळणं दिलंय," तो म्हणाला.

मी अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. सायकलला तराजू अडकवून गावोगाव भंगार गोळा करण्यापासून सुरुवात केली. आज जळगावात माझी स्वतःची वखार आहे. पितळेचा तुकडा हातात घेतला की वजन सांगतो. आणि मला खेळणं!

तुमची-माझी ओळख त्या भंगारातूनच. तुम्ही रेडिएटर झाळून, म्हणजे डाग देऊन, दुरुस्त करायचे आणि जे दुरुस्त होण्यासारखे नसत ते विकायचे. त्यात तांबं असायचं, पितळ असायचं, म्हणून मला हवे असायचे. पहिल्या दिवशी तुमच्या दारात आणखी दोन खरेदीदार चहा पीत बसले होते. त्यांच्यासमोर भाव बोलायचा नव्हता. माझे वडील बैलबाजारात करायचे तसं मी खांद्यावरचा रुमाल काढला, तुमच्या हातावर टाकला आणि खालून तुमची बोटं धरली. तुम्ही दचकलात.

"भाऊ, हे काय करून राहिले?"

"भाव सांगतोय. दोन बोटं म्हणजे काय, तीन म्हणजे काय, मी शिकवतो. तोंडानं एक शब्द बोलायचा नाही."

तासाभरात तुम्ही शिकलात, आणि शिकलात ते असं की त्याच दिवशी मला एका बोटानं चढा भाव लावलात. तेव्हापासून आपला सौदा कायम रुमालाखाली. पुढे दुसरे खरेदीदार येईनासे झाले, लपवण्यासारखं काही राहिलं नाही, तरी रुमाल राहिला. चहावाला म्हणायचा, "लागली यांची लगीनगाठ." झाळीच्या चटक्यांनी तुमच्या बोटांची टोकं खरबरीत झालेली. अंधारात कुणी शंभर हात पुढे केले असते तरी मी तुमचा ओळखला असता.

पंख्याचं प्रकरण सुरू झालं ते थोरलीच्या लग्नात. वैशाखातलं लग्न, नवरदेव धुळ्याचा. वरातीला माझीच पांढरी गाडी, फुलांनी मढवलेली. पुढे बँड, नाचणारी माणसं, आणि मागे गाडी गोगलगायीच्या चालीनं. बस स्टँडपासून मंडपापर्यंत अर्ध्या वाटेवर बॉनेटमधून वाफ निघाली. बँड थांबला. नवरदेव फेटा सांभाळत खाली उतरला आणि चालत मंडपात आला. व्याही नाना सगळ्यांदेखत म्हणाले, "काय हो, पाहुण्यांचा चहा गाडीतच करता का?" लोक हसले. मुलीचा बाप म्हणून मीही हसलो. आतून काय झालं ते तुम्हालाच माहीत, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या दारात येऊन मी गाडीच्या टायरला लाथा घालत होतो.

तुम्ही मला स्टुलावर बसवलंत आणि समजावलंत. जुना पंखा पट्ट्यावर फिरतो, इंजिन हळू तर पंखाही हळू. वरातीत गाडी रांगते, वारा कुठून मिळणार? विजेचा पंखा बसवा, गाडी उभी असली तरी पूर्ण वारा देईल. मी त्याच आठवड्यात धुळ्याच्या भंगारबाजारातून अपघातात चेपलेल्या एका नव्या गाडीचा विजेचा पंखा काढून आणला. घासाघीस अशी केली की विकणाऱ्यानं शेवटी हात जोडले. पंखा तुमच्या टेबलावर ठेवला आणि दोन हुकूम सोडले. पंख्याचं बटण माझ्या हाताशी पाहिजे. आणि इंजिनातली पाण्याची झडप, ज्याला तुम्ही थर्मोस्टॅट म्हणायचे, ती काढून फेकायची.

तुम्ही कपाळाला हात लावलात.

"भाऊ, पंखा पाण्यावर सोडा. पाणी तापलं की स्विच त्याला लावेल. तुम्ही गप्पा मारत बसाल, बटण विसराल, आणि इंजिन जाईल."

"मी विसरणारा माणूस आहे?"

"आणि झडप राहू द्या. इंजिनाला जेवढी गरमी हवी तेवढी ती राखते. ती नसली तर थंडीत सकाळी इंजिन तापणारच नाही, पेट्रोल पीत बसेल."

"भुसावळपासून धुळ्यापर्यंत एकाही ड्रायव्हरनं ती झडप ठेवलेली नाही. खान्देशात पाणी तापवायला यंत्र लागतं का? सूर्य आहे की वर!"

"ड्रायव्हर लोक डोकं दुखलं की डोकंच काढायला सांगतात, भाऊ."

यावर मी भडकलो. चिडलो की मी गावाकडच्या बोलीत जातो, तसा गेलो. "गाडी मनी शे. तू माले शिकाडू नको. बठ्ठं काढी टाक!" म्हणजे गाडी माझी आहे, सगळं काढून टाक. तुमच्यासारख्या माणसाला अरे-तुरे केलं ते त्या एकाच वेळी. तुम्ही कापडाला हात पुसलेत आणि म्हणालात, "हो भाऊ. तुम्ही म्हणता तसं."

चार दिवसांनी गाडी मिळाली. डॅशबोर्डवर छान काळं बटण, वर लाल दिवा. आणि तुम्ही माझ्या तळहातावर एक झडप ठेवलीत, "ही घ्या तुमची." गंजलेली, चुन्याचे थर बसलेली. आता कळतं, ती माझी नव्हतीच. कुठल्या तरी जुन्या इंजिनाची असेल. भंगारातला माणूस मी, धातू बघताच ओळखणारा, पण तुम्ही दिलीत म्हणून पाहिलंच नाही.

त्यानंतरची सात वर्षं गाडी एकदाही उकळली नाही. कन्नडच्या घाटात ट्रक बाजूला लागलेले असायचे, बॉनेट उघडलेली, ड्रायव्हर बादली घेऊन पाणी शोधत, आणि मी बटण दाबून दिमाखात वर. शेजारी कुणी असेल तर त्याला सांगायचो, "बघ, आता लावला पंखा. जाणवलं?" ते म्हणायचे, जाणवलं. व्याही नानांना बटण दाखवलं, ती झडपही दाखवली. त्यांनी माझं ऐकून आपल्या जीपची झडप काढली आणि गेले दोन हिवाळे जीप सकाळी धड चालत नाही म्हणून मला बोल लावतात. मी त्यांना सांगायचो, तुमचा मेकॅनिक अडाणी आहे, जळगावला आणा.

एकदा मात्र तुम्ही सापडला होतात. रेल्वे फाटकात गाडी उभी होती, बटण बंद, दिवा बंद, तरी पंखा घरघरत होता. मी थेट तुमच्याकडे आलो. तुम्ही डोळ्याची पापणी न हलवता म्हणालात, "बटण चालूच असणार भाऊ, दिवा ढिला झालाय." आणि दिवा काढून परत बसवलात. वर म्हणालात, "याचे पैसे नको." मी खूश होऊन गेलो. चहावाला त्या दिवशी तोंड फिरवून का हसत होता, ते आता कळलं. म्हणजे गल्लीला ठाऊक होतं.

धुळ्याच्या त्या माणसाला मी झडपेचं घरही उघडायला लावलं. गाडी निवेपर्यंत त्याच्या बाकड्यावर बसून राहिलो. आत झडप होती. स्वच्छ, चकचकीत.

मी म्हटलं, "सात वर्षांपूर्वीची."

तो म्हणाला, "नाही काका. ही फार तर दोन वर्षांची. मध्ये कुणीतरी जुनी काढून नवीन टाकलीय."

म्हणजे तुम्ही नुसतं खोटं बोलला नाहीत. ते खोटं चालू राहावं म्हणून पदरचा माल घातलात आणि मला सांगितलंही नाहीत. सर्व्हिसिंगचं बिल कमी करा म्हणून मी तुमच्याशी भांडत असेन, तेव्हा ती नवी झडप आत बसलेली असणार.

त्या माणसानं मजुरी सांगितली. मी तेवढी दिली. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, घासाघीस करायची राहिली. परत जाऊन करावी असंही वाटलं नाही. तुम्ही गेल्यापासून असंच होतंय. तांब्याचा माल घेऊन माणसं वखारीवर येतात, भाव बोलतात, मी हो म्हणतो. माझा मुनीम बिचकून माझ्याकडे बघतो. रुमाल खांद्यावर असतो, कुणाच्या हातावर टाकू? जळगावात माझ्याशी बोलणारे पुष्कळ आहेत. माझ्याशी भांडायला कुणी नाही. बायकोनं भांडणं कधीच सोडून दिलं. मुलं "बरं बाबा" म्हणतात आणि पंखे लावून झोपायला जातात. संध्याकाळी पाय आपोआप तुमच्या गल्लीकडे वळतात. शटर बंद असतं. चहावाला न विचारता कप पुढे करतो आणि मी तो उभ्यानं पितो.

मुलीला भेटून धुळ्याहून येताना एरंडोलपर्यंत मी तुम्हाला शिव्या देत होतो. एरंडोलच्या पुढे शिव्या संपल्या. गाडी झकास चालली होती. गरमीचा काटा मध्यावर, तसूभर हलत नव्हता. सात वर्षं मी ज्याचा मालक म्हणून मिरवलो ते सगळं तुमचं काम होतं, आणि तुम्ही एकदाही "बघा, मी म्हणत होतो" असं म्हणाला नाहीत. एवढा मोठा सौदा जिंकून गप्प बसलेला माणूस मी पाहिलेला नाही. मला तर एक रुपया सुटला तरी चार घरी सांगायला लागतं. त्या क्षणी मी तुम्हाला माफ करून टाकलं होतं, युसुफभाई. मनात म्हटलं, जाऊ दे, चांगलंच केलं माणसानं. गोष्ट तिथंच संपली असती.

पण जळगाव आलं, आणि मला हिवाळ्याच्या शेवटची ती दुपार आठवली.

दोन रेडिएटर घ्यायचे होते. मी रुमाल टाकला, खालून हात धरला. तुमचा हात ओला होता. गार आणि ओला, आणि बोटांत जोरच नव्हता. मी मुद्दाम पडेल भाव लावला, तुम्ही उसळावं म्हणून. तुम्ही बोटं मिटलीत. सौदा मान्य. इतक्या वर्षांत पहिल्या भावाला तुम्ही कधी राजी झाला नव्हतात. मी रुमाल ओढून काढला.

"काय झालं? बरं नाही?"

"काही नाही भाऊ, जरा छातीत भरून आलंय. गॅस."

"गॅसनं हात गार पडत नाही. दवाखान्यात चला, गाडी बाहेर उभी आहे."

"आज नको. गुरुवारी जातो."

"नक्की?"

"हो भाऊ. तुम्ही म्हणता तसं."

शुक्रवारी मी फक्त ते विचारायला आलो. तुम्ही खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलंत. "जाऊन आलो. गॅसच निघाला. या दिल्या." मी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं, जणू मला वाचता येत होतं त्यावरचं इंग्रजी. परत दिलं. म्हटलं, "वेळेवर घ्या." पुढे तीन आठवडे, रोज, "गोळी घेतली?" "हो भाऊ." मग एका सकाळी चहावाला माझ्या वखारीवर धावत आला.

त्या दिवशी धुळ्याहून मी घरी गेलोच नाही. सरळ तुमच्या घरी गेलो. भाभी दारातच पुन्हा रडायला लागल्या. मी बसलो, पाणी प्यालो आणि विचारलं, "भाभी, ते कुठल्या डॉक्टरकडे गेले होते?"

त्यांनी पदर तोंडाशी धरला. "भाऊ, वो गए ही नहीं. वो गोलियाँ मेरी थीं, घुटनों की."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी बोलले होते, भाऊंना खरं सांगा, ते नेतील. तर म्हणाले, भाऊ चिडतात. त्यांना हो म्हणायचं, म्हणजे ते शांत होतात. आणि दुकान बंद ठेवून दवाखान्यात कोण बसणार."

भाभींना मी काय बोलणार? त्यांना मी काही बोललो नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितोय. चहा केला त्यांनी, तो प्यालो आणि निघालो.

चिडतो मी, मान्य. या स्वभावानं मी वखार उभी केली, याच स्वभावानं भाऊबंद तोडले, तेही मान्य. पण तुमच्या त्या "हो भाऊ"वर मी जेवढा विश्वास ठेवला तेवढा मी माझ्या सख्ख्या भावाच्या शब्दावर ठेवला नाही. बाकी जग हो म्हणालं की मी उलटतपासणी घेतो. तुम्ही हो म्हणालात की मी घरी जाऊन झोपायचो. गाडीचं खोटं मला सात वर्षांपूर्वी कळलं असतं, तर मी खूप आरडाओरडा केला असता. महिनाभर तुमच्या दारात आलो नसतो. पण त्या शुक्रवारी तुमच्या हातातलं पाकीट बघून मी "वेळेवर घ्या" म्हणून परत फिरलो नसतो. तुमची कॉलर धरून गाडीत कोंबलं असतं, दवाखान्याच्या पायऱ्यांवर अख्ख्या जळगावादेखत तुमच्याशी भांडलो असतो. मला ते जमतं. मला आयुष्यात तेवढं एकच जमतं.

इंजिनाच्या बाबतीत तुम्ही बरोबर होतात. सात वर्षं बरोबर होतात, मी चूक होतो, हे मी लिहून देतो, सहीनिशी. व्याही नानांकडे जाऊन कबूल करतो. पण छातीच्या बाबतीत मी बरोबर होतो, युसुफभाई. आपल्या इतक्या वर्षांच्या भांडणात मी एकदाच बरोबर होतो, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही मला नाही म्हणाला नाहीत. नाही म्हटलं असतंत तर मी भांडलो असतो, आणि तुम्हाला घेऊनच गेलो असतो. हो म्हणून मला दारातून परत पाठवलंत. याचा जाब कोण देणार? भाभींकडे मी मागणार नाही, चहावाल्याकडे मागून उपयोग नाही. मी तुमच्याकडेच मागतो आहे. बोला.